कमानीचा फुगा, हायब्रिड ऑपरेशन आणि नंतरची वर्षं: घाटंजीच्या भाऊंना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांचं वय ६९, घाटंजी तालुक्यात शेती, चाळीस वर्षं विडी. चार महिन्यांपासून आवाज बसलेला. रात्री जागलीला रानडुकरं हाकलताना ओरडून बसला असेल, असं घरच्यांना वाटलं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तर डावी स्वरपट्टी हलत नव्हती. छातीचा सीटी काढला, आणि महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीवर ६.१ सेंटिमीटरचा फुगा निघाला. नागपुरात एका सर्जननी छाती उघडून पूर्ण कमान बदलायला सांगितली. दुसऱ्यांनी ‘हायब्रिड’ सुचवलं, म्हणजे थोडं ऑपरेशन, थोडं स्टेंट, कमी चिरफाड. तुम्ही विचारता, कमी चिरफाडीचा मार्ग असताना कुणी छाती उघडून मोठं ऑपरेशन का सांगेल? शेवटी एक ओळ लिहिली आहे की बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

मी पंचवीसेक वर्षं नागपुरात हेच काम करतो आणि दोन्ही प्रकारची ऑपरेशनं करतो. सीटीची सीडी पाहिल्याशिवाय अमुकच करा असं मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नका. विचार कसा करायचा एवढं मात्र सांगतो. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे की चीर लहान म्हणजे धोका लहान. माझा अनुभव असा की हायब्रिडमध्ये ऑपरेशनच्या दिवशीचा काही धोका कमी होतो, पण तो पुढच्या वर्षांवर जाऊन बसतो. बाबांच्या बाबतीत ती अदलाबदल फायद्याची आहे का, हे तपासायचं आहे.

आधी आवाजाचं सांगतो. डाव्या स्वरपट्टीची नस मानेतून छातीत उतरते, कमानीच्या खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्याकडे जाते. कमान फुगली की ती नस ताणली जाते आणि आवाज घोगरा होतो. म्हणजे बाबांच्या शरीराने वेळेवर खूण दिली. बहुतेकांना या फुग्याचं काहीच जाणवत नाही. ऑपरेशननंतर आवाज परत येईलच असं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

फुग्याचा आकार ही पहिली गोष्ट. कमानीसाठी साधारण ५.५ सेंटिमीटर झालं की ऑपरेशनचा विचार सुरू होतो. मारफानसारखा आनुवंशिक आजार असेल किंवा फुगा झपाट्याने वाढत असेल तर त्याच्याही आधी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने छातीतल्या महाधमनीच्या फुग्यांच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यात ६ सेंटिमीटरच्या वर गेलेल्यांमध्ये धमनी फाटणं, तिच्या थरांत चीर जाणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास आढळलं. म्हणून ‘सोयाबीन निघू द्या, मग पाहू’ हे इथे चालणार नाही. रात्रीतून घाबरून पळण्याचीही गरज नाही. काही आठवड्यांत निर्णय व्हावा.

आता कमानीची रचना. तुमच्याकडे संत्र्याची बाग असेल तर ठिबकची मेन लाइन डोळ्यांसमोर आणा. हृदयातून मेन लाइन वर निघते, ती चढती महाधमनी. मग ती काठीच्या मुठीसारखी मागे वळते, ती कमान, आणि पाठीच्या कण्याजवळून खाली उतरते. त्या वळणावरच तीन फाटे फुटतात. पहिला उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, दुसरा मेंदूच्या डाव्या बाजूला, तिसरा डाव्या हाताला. तिसऱ्यातूनच मेंदूच्या मागच्या भागाला आणि मणक्यातल्या मज्जारज्जूलाही थोडं रक्त जातं. खालच्या सरळ भागात फुगा असला तर जांघेतल्या धमनीतून गुंडाळलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीवर कापड चढवलेली नळी, वर नेऊन आतून अस्तर लावता येतं. कमानीत तेच केलं तर अस्तराने मेंदूचे फाटे बंद होतील. कमानीच्या शस्त्रक्रियेची सगळी अडचण एवढ्यात आली.

ओपन पद्धतीत आम्ही छातीचं मधलं हाड कापतो, हार्ट-लंग मशीन लावतो, शरीर साधारण २० ते २८ अंशांपर्यंत थंड करतो आणि खालच्या शरीराचं रक्त काही काळ पूर्ण थांबवतो. नेहमीच्या तापमानाला मेंदू रक्ताविना चार-पाच मिनिटंच तग धरतो. थंड केल्यावर त्याची गरज बरीच कमी होते, आणि शिवाय उजव्या काखेजवळच्या धमनीतून मेंदूला वेगळं रक्त चालू ठेवतो. थंड करून कमान बदलण्याची ही वाट १९७५ मध्ये अमेरिकेतले सर्जन ग्रीप यांनी दाखवली. १९८३ मध्ये जर्मनीत बोर्स्ट यांनी नव्या कमानीचं टोक खालच्या धमनीत लोंबतं सोडायची युक्ती काढली, तिला ‘हत्तीची सोंड’ म्हणतात. आता त्या सोंडेत स्टेंट असलेले ग्राफ्टही मिळतात. खराब भाग कापून काढला आणि नवा शिवला की दुरुस्ती टिकाऊ असते, हा ओपनचा मोठा गुण.

हायब्रिडमध्ये आधी ते तीन फाटे दुसरीकडून जोडून घ्यायचे आणि मग बिनधास्त अस्तर लावायचं. फाटे हलवण्याच्या या कामाला डिब्रँचिंग म्हणतात.

आता तुमच्या अहवालातली एक ओळ पाहा. ‘फुगा डाव्या कॅरॉटिडच्या तोंडापाशी सुरू होतो’ असं तुम्ही लिहिलं आहे. डावी कॅरॉटिड म्हणजे वर सांगितलेला दुसरा फाटा. सगळं या ओळीवर ठरतं. स्टेंट ग्राफ्टला पकड घ्यायला फुग्याच्या आधी किमान २ सेंटिमीटर निरोगी धमनी लागते. फुगा तिसऱ्या फाट्याच्या पुढे सुरू होत असता तर मानेत डाव्या बाजूला एक छोटी चीर देऊन दुसरा आणि तिसरा फाटा जोडला असता आणि जांघेतून स्टेंट सोडला असता. ती खरोखर कमी चिरफाड. तुमच्या बाबांचा फुगा दुसऱ्या फाट्यापाशी सुरू होतो. पहिल्या आणि दुसऱ्या फाट्यामध्ये २ सेंटिमीटर मोकळी जागा बहुतेकांत नसतेच. म्हणजे स्टेंट थेट चढत्या महाधमनीत टेकवावा लागेल आणि तिन्ही फाटे हलवावे लागतील. त्यासाठी छातीचं हाड कापावंच लागतं! ‘हायब्रिड म्हणजे छाती उघडायची नाही’ असं तुम्ही समजून बसला असाल तर तो समज इथेच सोडा. घरची मंडळी ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेली असतात, नंतर छातीवरची पट्टी पाहतात आणि आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटतं. डॉक्टरने आधीच स्वच्छ सांगायला हवं.

मग वाचतं काय? हृदय थांबवावं लागत नाही. शरीर थंड करावं लागत नाही. बहुतेक वेळा हार्ट-लंग मशीनही लागत नाही. चढत्या महाधमनीच्या कडेला चिमटा लावून अर्धीच रुंदी अडवतो, उरलेल्या अर्ध्यातून रक्त वाहत राहतं. त्या वेळी भूलतज्ज्ञ वरचं बीपी ९०-१०० च्या आसपास खाली आणून धरतात, कारण जास्त दाबात चिमट्याखालची भिंत चिरू शकते. तिथे डेक्रॉनच्या कापडाची फाटे असलेली नळी शिवतो आणि मेंदूचे फाटे एकेक करून त्यावर हलवतो. एक हलवताना बाकीचे चालू असतात. कपाळावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या मेंदूतल्या ऑक्सिजनचा आकडा सतत दाखवतात. फाटा बांधला की थिएटरमधले सगळे त्या पडद्याकडे पाहतात. मग स्टेंट, लगेच किंवा काही दिवसांनी. सोडायच्या क्षणी पेसिंगच्या तारेने हृदय काही सेकंद इतकं जोरात पळवतो की रक्त जवळजवळ पुढे जात नाही, नाहीतर वाहत्या रक्ताचा झोत नळीला शिडासारखं पुढे ढकलतो.

बाबांच्या अंगात या मार्गाच्या बाजूने काय आहे? फुप्फुसाच्या फुंकीच्या तपासणीत पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ४८ टक्के, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.७, म्हणजे वाढलेलं. अशा माणसाला लांब वेळ मशीनवर ठेवलं, थंड केलं, तर नंतर व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही आणि मूत्रपिंडं आणखी रुसतात. चढती महाधमनी ३.६ सेंटिमीटर आहे, म्हणजे स्टेंट टेकवायला बरी. ती ४ च्या वर असती तर मी तिथे स्टेंट टेकवायला धजावलो नसतो. फुगलेल्या, कमकुवत भिंतीत स्टेंटच्या कडेने चीर पडून ती उलटी हृदयाकडे धावू शकते, आणि मग तातडीने छाती पुन्हा उघडावी लागते. तसं असतं तर आधी चढता भाग बदलून त्यावर डिब्रँचिंग केलं असतं, आणि मशीन लागलंच असतं.

कागदावर जे आहे त्यावरून माझा कल हायब्रिडकडे आहे. पण हेच बाबा ५५ वर्षांचे, निरोगी फुप्फुसाचे असते तर मी ओपन सांगितलं असतं. म्हणून पहिल्या सर्जननी चुकीचं सांगितलं असं समजू नका. दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना करणारी मोठी रँडमाइज्ड चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत वाटून केलेली, झालेली नाही. प्रत्येक केंद्र आपल्या हाताला बसलेलं काम जास्त चांगलं करतं. पक्षाघाताचा धोका दोन्हींत आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कमानीतल्या चुनखडीचा आणि घाणीचा कण तारेने किंवा चिमट्याने सुटून मेंदूत जाऊ शकतो, चीर कितीही लहान असो. तसंच पायांचं. खालची धमनी लांबवर झाकली की मज्जारज्जूचं रक्त कमी पडू शकतं आणि पाय लुळे पडू शकतात. म्हणून तिसरा फाटा आम्ही शक्यतो बंद करत नाही. भूल उतरली की माझे पहिले शब्द ठरलेले असतात: ‘बाबा, पायाचा अंगठा हलवा.’ तो हलेपर्यंत मी हातमोजे काढत नाही.

आपल्या भागात आणखी एक तपासणी मी कधीच सोडत नाही, ती सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक दोषाची. विदर्भात हा दोष अनेक घरांत आहे आणि वाहक असलेल्या पुष्कळांना तो आहे हे ठाऊकही नसतं. शरीर थंड केलं, ऑक्सिजन कमी पडला, की या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्या तुंबवतात. सोल्युबिलिटीची साधी तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची रक्ततपासणी करा. तसं निघालं तर थंडावा टाळणाऱ्या मार्गाकडे पारडं आणखी झुकेल. ओपन करायचं ठरलं तरी भूलतज्ज्ञांना आधी माहीत असलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती. हायब्रिडमध्ये फुगा काढत नाही, आतून झाकतो. अस्तराच्या टोकाशी फट राहिली किंवा पुढे पडली की रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. याला आम्ही लीक म्हणतो. लीकचं दुखणं नसतं, माणूस शेतात राबत असतो आणि फुगा आत वाढत असतो. म्हणून सीटी एका महिन्याने, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि पुढे दर वर्षी, जन्मभर. माझे एक रुग्ण गडचिरोलीकडचे. पहिला सीटी उत्तम होता. पुढच्या वर्षी धान कापणी, त्याच्या पुढच्या वर्षी मुलीचं लग्न. तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा फुगा ऑपरेशनच्या आधीपेक्षा मोठा होता. वरच्या टोकाला आणखी एक स्टेंटचा तुकडा घालून निभावलं. त्यांना मी रागावलो नाही. सहा-सात तासांचा प्रवास, सोबत एक माणूस, दोन दिवसांची मजुरी बुडते. चूक माझीही होती, कारण डिस्चार्जच्या दिवशी मी तारीख सांगितली, पण ती पाळणं त्यांना कसं जमेल हे विचारलं नाही. आता मी विचारतो. घाटंजीहून यवतमाळ जवळ आहे. सीटी तिथे करून सीडी पाठवली तरी चालते. क्रिएटिनिन वाढलेलं असल्याने सीटीच्या रंगाच्या औषधाआधी पाणी आणि सलाइन नीट असावं, आणि वैशाखात, शेतातून थेट येऊन तर मुळीच काढू नये. दरवर्षी येणं कोणत्याही प्रकारे शक्य नसेल तर तेही सर्जनला सांगा. निर्णयात मी त्याला फुप्फुसाच्या आकड्याएवढंच वजन देतो.

ऑपरेशनपर्यंत सांभाळायच्या गोष्टी. बीपी १३० च्या खाली, नाडी शांत. विडी आजपासून बंद, आणि विडीच्या जागी खर्रा चालणार नाही. दम रोखून पोतं उचलणं, बैलाला ओढून धरणं, बद्धकोष्ठात जोर करणं, हे सगळं टाळा. दम्याच्या औषधांसाठी फुप्फुसाच्या डॉक्टरांना दाखवा. बीटा ब्लॉकर गोळी बीपीला उत्तम, पण दमेकऱ्याला कोणती द्यायची ते त्यांना विचारून. गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेत असतील तर मूत्रपिंडासाठी बंद. ताप, जुलाब, लघवीच्या जळजळीला गावात सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन दिली जाते. महाधमनीचा फुगा असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तोवर ही औषधं देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना हे नम्रपणे सांगा.

एक चिठ्ठी लिहून बाबांच्या खिशात ठेवा, बनियनच्या आतल्या खिशात: ‘मला महाधमनीच्या कमानीचा ६.१ सेंमीचा फुगा आहे. छातीत दुखल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी सीटी करा.’ अचानक छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखलं, थुंकीतून रक्त आलं, चक्कर येऊन पडले, तर १०८. ग्रामीण रुग्णालयात छातीत दुखणारा म्हातारा माणूस आला की हृदयविकाराचा झटका समजून ते इंजेक्शन देण्याची तयारी होते. झटक्यात ते जीव वाचवतं, फाटलेल्या महाधमनीत जीव घेतं.

पैशांचं. स्टेंट ग्राफ्ट काही लाखांचा येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, आणि स्टेंट ग्राफ्टचे पैसे त्यात आहेत का? उत्तर लेखी पूर्वमंजुरीतच धरा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागेल. वावर गहाण ठेवण्याआधी हे सगळे दरवाजे ठोठवा. कोणी ‘उद्याच स्टेंट आणून ठेवतो, आज पैसे भरा’ म्हणत घाई करत असेल तर एक दिवस मागून घ्या.

सर्जनकडे जाताना अहवालाचा कागद आणि फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. सीटीची सीडी न्या, आणि काढणाऱ्या सेंटरकडून १ मिलिमीटरच्या स्लाइस मागून घ्या. स्टेंट किती रुंद, किती लांब, कुठे टेकणार हे त्यातूनच मोजतात. मग विचारा, तुम्ही अशी कमानीची कामं किती केली, लीक झाल्यास पुढे काय कराल, रात्री गरज पडली तर ओपन करायची तयारी इथेच आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरं केंद्र पाहा.

आणि बाबांना सांगा. घाबरतील म्हणून लपवणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. दोन वर्षांपूर्वी दारव्ह्याकडचे एक आजोबा माझ्यासमोर बसले होते, मुलगा मागे उभा राहून मला ‘सांगू नका’ म्हणून मान हलवत होता. आजोबा म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, मले दुखत नाई, खुपत नाई, अन् घरात सारे मले पाहून कुजबुजतात. कॅन्सर हाय काय?’ मी कागदावर कमान काढली, तीन फाटे काढले, फुगा काढला. त्यांनी तो कागद बराच वेळ धरला. मग त्यांनी मला जे विचारलं ते मुलाने तीन भेटींत विचारलं नव्हतं: ‘यानं मी दरसाल इथं येऊ शकीन काय, का पोरावर वझं होईन?’ दरवर्षीचं येणं त्यांनाच करायचं होतं, म्हणून निर्णयही त्यांनीच घेतला. तुमच्या बाबांसमोर तो कागद मांडायला मला आवडेल. सीडी घेऊन या, आणि त्यांना सोबत आणा.